भिंत धरेपर्यंत

पोट दुखू लागले की माणूस सहसा आडवा होतो, कुशीवर वळतो, उशी पोटाशी धरतो. दादा मात्र त्या रात्री अडीच वाजता पलंगाच्या कडेवर बसला होता. गुडघे छातीशी ओढून, हातांची मिठी त्यांच्याभोवती घालून तो पुढे वाकला होता आणि कोणी पाठीला हात लावला तरी दचकत होता. पाठ टेकवली की कळ वाढे, पुढे झुकले की ती जेमतेम सोसवेल इतकी उतरे. बेंबीच्या वर उठून ती सरळ पाठीत निघते, असे तो सांगत होता. पुढे मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एका तरुण निवासी डॉक्टरने त्याचे ते बसणे दारातूनच पाहिले आणि फाइल उघडण्याआधीच सिस्टरांना रक्तातले लायपेज, म्हणजे चरबी तोडणारे विकर (एन्झाइम), तपासायला पाठवायला सांगितले. तोपर्यंत दुखणे सुरू होऊन नऊ तास उलटले होते.

त्या नऊ तासांतले सहा आम्ही जवळच्या एका लहान रुग्णालयात काढले. तिथे ईसीजी काढला गेला आणि ते योग्यच होते, कारण पोटाच्या वरच्या भागातले दुखणे कधी कधी हृदयाचे निघते. ईसीजी ठीक आल्यावर आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन आम्हाला सकाळपर्यंत थांबायला सांगण्यात आले. दादाच्या पित्ताशयात खडे आहेत असे सांगणारा चार वर्षांपूर्वीचा सोनोग्राफीचा अहवाल वहिनीने पुढे केला, तो न वाचताच घडी घालून परत देण्यात आला. माझा राग त्या घडीवर आहे. तो राग पुरता प्रामाणिक नाही हेही मला ठाऊक आहे, कारण गेल्या वर्षभरात दोनदा उठलेली तशीच, पण थोड्या वेळात शमलेली कळ दादाने ‘पित्त झालं’ म्हणून घरीच जिरवली होती आणि आम्ही सर्वांनी ते ऐकून घेतले होते. मुके खडे काढावेच लागतात असे नाही. पण एकदा बोललेले खडे बहुधा पुन्हा बोलतात, हे आम्हाला नंतर कळले. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. मोठ्या खड्याची आपल्याला धास्ती वाटते, पण तो पित्ताशयातच पडून राहण्याची शक्यता अधिक असते; निसटून नलिकेत उतरतो तो लहान खडा.

मराठीने पोटातल्या जवळजवळ प्रत्येक अवयवाला काही ना काही काम दिले आहे. पित्त खवळते, आतडे तुटते, दुसऱ्याच्या चुका पोटात घालता येतात. काळीज हा शब्द तर मुळात यकृताचाच. आपण तो उचलून हृदयाच्या जागी बसवला आणि तेव्हापासून ते धडधडू लागले. स्वादुपिंडाच्या वाट्याला मात्र एकही वाक्प्रचार आलेला नाही. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून ते आडवे पडलेले असते. लांबी जेमतेम १५ सेंटिमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आतबाहेर. पोट दाबून ते हाताला लागत नाही आणि सोनोग्राफीतही आतड्यातल्या वायूमुळे पुष्कळदा अर्धेच दिसते. “स्वादुपिंडाला सूज आहे,” असे निवासी डॉक्टर म्हणाले, तेव्हा वहिनीने मला हळूच विचारले, “म्हणजे किडनी का हो, भाऊजी?”

या ग्रंथीतून दिवसाकाठी एक लिटरहून अधिक पाचकरस लहान आतड्याच्या पहिल्या भागात उतरतो. प्रथिने, चरबी, पिष्ट यांतले काहीही तोडू शकणारा तो रस आहे, आणि ज्या पेशी तो तयार करतात त्यासुद्धा प्रथिनांच्या आणि चरबीच्याच बनलेल्या आहेत. म्हणून शरीराने एक खबरदारी घेतली आहे. प्रथिने तोडणारे मुख्य विकर ग्रंथीत निष्क्रिय रूपात, ट्रिप्सिनोजेन म्हणून, ठेवले जाते आणि आतड्यात पोचल्यावरच तिथल्या अस्तरातले दुसरे एक विकर त्याला जागे करते. तलवार म्यानात घालून पाठवायची आणि रणांगणावर उपसायची, असा हा व्यवहार आहे. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका बहुतेकांत एकाच लहानशा तोंडाने आतड्यात उघडतात. पित्ताशयातून निसटलेला खडा त्या तोंडाशी अडकला की मागे तुंबलेल्या ग्रंथीत तलवारी जागच्या जागी उपसल्या जातात. ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते, हा विचार हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञाने १८९६ साली मांडला. चरबी तोडणारे विकर भोवतालच्या चरबीवर पसरते, तिच्यातून सुटलेली मेदाम्ले कॅल्शियमशी बांधली जातात आणि अक्षरशः साबण तयार होतो. दुसऱ्या दिवशी दादाच्या रक्तातले कॅल्शियम खाली आले, तेव्हा निवासी डॉक्टरने मला हे सर्व औषधाच्या चिठ्ठीमागे आकृती काढून समजावले. पोटात साबण होतो हे ऐकून मला हसू आले आणि लगेच त्याची लाजही वाटली.

सकाळी विभागाच्या प्रमुख डॉक्टर आल्या. लायपेज दोन हजारांच्या वर होते आणि तो कागद मी मुठीत धरून बसलो होतो. त्यांनी तो पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, “आकडा मोठा आहे म्हणून आजार मोठा, असं नसतं. रोग कोणता, एवढंच हा आकडा सांगतो. त्याचं काम झालं. ही तपासणी मी आता पुन्हा करणारसुद्धा नाही. पुढचे अठ्ठेचाळीस तास मला तुमच्या भावाची लघवी, श्वास आणि नाडी बघायची आहे.” दहा माणसांना हा आजार झाला तर त्यांतले साधारण आठ जण आठवड्याभरात बरे होऊन घरी जातात आणि कोणते दोघे मागे राहणार हे पहिल्या दिवशी कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, असेही त्या म्हणाल्या. मूत्रपिंड, फुप्फुस किंवा रक्ताभिसरण यांतले काही ढासळले आणि ४८ तासांनंतरही सावरले नाही, तर आजार तीव्र मानायचा, असा जगभरातल्या तज्ज्ञांनी २०१२ साली नव्याने ठरवलेला दंडक आहे. म्हणजे निदानाची पहिली पायरीच मुळी वाट पाहण्याची होती.

दादा मागे राहिलेल्या दोघांत निघाला.

दुसऱ्या रात्री त्याला धाप लागली आणि त्याला अतिदक्षता विभागात हलवण्यात आले. तिथल्या नऊ दिवसांत मी जे पाहिले ते माझ्या कल्पनेतल्या रुग्णालयाशी जुळणारे नव्हते. मोठ्या आजाराला मोठे काहीतरी केले जाईल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सिस्टर दर तासाला मूत्रपिशवीवरच्या रेघांशी डोळे आणून आकडा लिहीत आणि त्या आकड्यावरून सलाइनची गती कमी-जास्त होई. सलाइनसुद्धा बेताचेच होते. पूर्वी या आजारात ते भरपूर आणि भराभर देत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तसे केल्याने फायदा तर होत नाही, उलट शरीरात पाणी साचून त्रास वाढतो असे आढळले. वहिनीचा आणि डॉक्टरांचा पहिला खटका प्रतिजैविकांवरून उडाला. “एवढा आजारी माणूस आणि अँटिबायोटिक नाही?” असे ती म्हणाली आणि तिच्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो. उत्तर मिळाले की, ही सूज जंतूंनी आणलेली नाही, रसांनी आणली आहे. जंतू नसताना ते औषध दिले तर पुढे खरोखर जंतू येतील तेव्हा त्यांना ते ओळखीचे झालेले असेल. दुसरा खटका खाण्यावरून उडाला, तोही उलट्या बाजूने. ग्रंथीला विश्रांती म्हणून पोट रिकामे ठेवतील असे आम्ही धरून चाललो होतो आणि पूर्वी तसे ठेवतही असत. इथे तिसऱ्याच दिवशी नाकातून घातलेल्या नळीने थेंब थेंब पोषण सुरू झाले, कारण आतडे उपाशी राहिले की त्याचे अस्तर सैल पडते आणि आतले जंतू बाहेर पाझरून ग्रंथीच्या सुजेने मेलेल्या भागात घर करतात.

मग खडा काढण्याचा प्रश्न आला. दुर्बीण तोंडावाटे आत नेऊन नलिकेच्या तोंडाला छेद द्यायचा आणि खडा ओढून काढायचा, ही ईआरसीपी नावाची सोय १९७४पासून उपलब्ध आहे आणि पित्तनलिकेत पू झाला असेल तर ती तातडीने करावीच लागते. दादाची कावीळ मात्र आपोआप उतरत होती आणि एमआरसीपीत, म्हणजे नलिकांच्या एमआरआयमध्ये, नलिका मोकळी दिसत होती. खडा पुढे सरकून आतड्यात निघून गेला होता. “मग दुर्बीण घालून खात्री करून घ्या ना,” असे मी म्हणालो, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “त्या दुर्बिणीनेसुद्धा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. जे नाही ते शोधायला जाऊन जे आहे ते वाढवू नये.”

या ग्रंथीच्या इतिहासात हात लावावा की लावू नये, हा वाद पहिल्यापासून आहे. तिच्या नलिकेचा शोध योहान गेओर्ग विर्सुंग याने १६४२ साली पादुआ इथे एका फाशी दिलेल्या माणसाच्या शवात लावला. त्याने ती नलिका तांब्याच्या पत्र्यावर कोरली, तिचे ठसे युरोपातल्या नामांकित शरीरशास्त्रज्ञांकडे पाठवले आणि विचारले की ही कशासाठी आहे. उत्तर हाती येण्याआधी, पुढच्याच वर्षी, घराजवळ कोणीतरी त्याला गोळी घालून ठार केले. बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८९ साली या आजाराचे पहिले नीटस वर्णन केले आणि सुरुवातीच्या दिवसांत पोट उघडणे अत्यंत धोक्याचे आहे, असा इशाराही दिला. त्यानंतरच्या काळात लंबक अनेकदा हलला. मेलेला भाग लवकर कापून काढला की रोगी वाचेल, या सरळ वाटणाऱ्या तर्काने पुष्कळ पोटे उघडली गेली. तर्क सरळ होता, फक्त पोटातली गोष्ट तशी नव्हती. पहिल्या दोन आठवड्यांत मेलेले आणि जिवंत यांच्यात सीमाच नसते. सुरी लावली की दोन्ही फाटतात आणि रक्त थांबत नाही.

अतिदक्षता विभागातून आम्ही वॉर्डात आलो, तेव्हा शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापक होते. यकृताचा रोगी म्हटले की येणारा-जाणारा मनातल्या मनात दारूचा हिशेब मांडतो. गुरुजींनी आयुष्यात थेंबही घेतलेला नव्हता. मधुमेह आणि वजन यांतून यकृतात साचलेल्या चरबीने वीस वर्षांत त्यांचा सिरोसिस, म्हणजे यकृतावरचे कायमचे व्रण, घडवला होता. पोट जलोदराने तट्ट फुगलेले, हातपाय काटकुळे, डोळे पिवळे. राउंडच्या वेळी डॉक्टर त्यांना दोन्ही हात पुढे ताठ धरून, रहदारी थांबवतो तसे, पंजे वर करायला सांगत. पंजे क्षणभर स्थिर राहत आणि मग पाखराने पंख झटकावा तसे एकदम खाली पडत. निकामी यकृताकडून न गाळली गेलेली, मुख्यतः आतड्यात तयार होणारी द्रव्ये मेंदूवर चढली की असे होते. त्यावरचे औषध म्हणजे गोडसर पातळ लॅक्टुलोज, आणि त्याचे माप म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा पोट साफ होणे. ज्या माणसासमोर तीस वर्षे शाळा उभी राहत असे, त्यांना सिस्टर रोज सकाळी मोठ्याने विचारत, “गुरुजी, किती वेळा?” आणि गुरुजी बोटे दाखवत.

त्यांच्या उशाशी एक वही होती. रोज सकाळी नऊ वाजता त्यांनी तारीख घालून तिच्यात सही करायची, एवढाच नियम होता. हजारो दाखल्यांवर केलेली ती सही होती. आद्याक्षराला मोठा वेलांटीदार फाटा आणि शेवटी खाली मारलेली सरळ रेघ. मी ती वही त्यांच्या परवानगीने चाळली. भरती झाल्याच्या दिवशी सही ठीक होती. तिसऱ्या दिवशी फाटा कागदाबाहेर गेला होता. चौथ्या दिवशी पाच-सहा वेळा गिरवलेला एक गोल होता आणि तारखेच्या जागी त्यांच्या शाळेचे नाव होते. पाचवे पान कोरे होते. सहाव्या दिवशी अक्षरे पुन्हा दिसू लागली, लहान मुलाने काढावीत तशी सुटी सुटी. नवव्या दिवशी ती जोडली गेली होती आणि खालची सरळ रेघ परत आली होती. रक्ताच्या अहवालांनी भरलेल्या जाडजूड फायलीपेक्षा निवासी डॉक्टर सकाळी आधी ही वही उघडत, हे मी रोज पाहत होतो.

गुरुजींच्या यकृताचे गणित मेल्ड नावाच्या अंकात मांडले जाई. मुख्यतः बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याची वेळ यांवरून तो काढतात. तो ६पासून ४०पर्यंत जातो आणि जितका मोठा तितका रोगी यकृताच्या प्रतीक्षायादीत वर. अमेरिकेत २००२पासून या अंकावर यकृते दिली जातात आणि त्यानंतर अनेक देशांनी तो अंक स्वीकारला. आधी आलेल्याला आधी, हा रांगेचा नियम इथे चालत नाही. अधिक खचलेल्याला आधी. म्हणजे रोग्याची प्रकृती सुधारली की तो रांगेत मागे जातो. गुरुजींचा अंक १९वरून १६वर आला, त्या दिवशी त्यांच्या मुलीला आनंद करावा की नाही ते कळेना.

तिने स्वतःच्या यकृताचा भाग द्यायचे ठरवले होते. दिलेला भाग जाऊन उरलेले यकृत काही आठवड्यांत बहुतेक पूर्वीच्या आकाराला येते, हे या अवयवाचे नवल खरेच. पण निरोगी माणसाचे पोट उघडणे ही लहान गोष्ट नव्हे. एके संध्याकाळी जिन्याजवळ तिने मला सांगितले की, दाता म्हणून तिच्याशी बोलणारे डॉक्टर वडिलांच्या डॉक्टरांहून वेगळे होते. त्यांनी तिला एकटीला बसवून, नवरा आणि काका यांना बाहेर पाठवून, म्हटले होते, “तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. आम्ही बाहेर ‘जुळत नाही’ एवढंच सांगू. कारण कोणाला कळणार नाही.” तिने होच म्हटले होते. पण नाही म्हणायला जागा ठेवली म्हणून हो म्हणता आले, असे ती म्हणाली, आणि मला त्या इमारतीतल्या सर्व यंत्रांपेक्षा या वाक्याचे अप्रूप वाटले. यकृतारोपणाची सुरुवातही अशा थांबण्यातून झालेली आहे. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हरमध्ये पहिले आरोपण केले. तीन वर्षांचे ते मूल शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रक्तस्रावाने गेले. पुढचे रोगीही काही आठवड्यांपलीकडे जगले नाहीत. तेव्हा त्यांनी स्वतःहून आरोपणे थांबवली, तीनेक वर्षे प्रयोगशाळेत काढली आणि १९६७ साली पुन्हा हात घातला, तेव्हा रोगी जगू लागले.

थांबणे हेच तिथले शास्त्र होते असे मात्र कोणी समजू नये. एका मध्यरात्री समोरच्या खाटेवरच्या माणसाने बसल्या जागी तांब्याभर रक्त ओकले. सिरोसिसमुळे तुंबलेल्या रक्ताच्या दाबाने अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात. असा स्राव थांबवायला १२ तासांच्या आत दुर्बीण घातली जावी, असा नियम आहे. तिथे दीड तासात त्याला शुद्धीवर ठेवून, रक्त चढवून, दुर्बिणीच्या खोलीत नेले गेले आणि फुटलेल्या शिरेवर रबराची कडी चढवली गेली. दिवसभर ‘बघू’, ‘उद्या ठरवू’ म्हणणारी तीच माणसे त्या वेळी धावत होती. ज्या हाताने दादाला दोन आठवडे स्पर्श करायचे नाकारले, त्याच हाताने त्या माणसाच्या बाबतीत कोणाची सहीसुद्धा पुरी होऊ दिली नाही. विशेषज्ञ म्हणजे ज्याला अधिक येते तो, अशी माझी समजूत होती. कोणत्या पोटाला घाई आहे आणि कोणत्याला नाही हे ज्याला दारातून दिसते तो, असे मी आता म्हणेन.

अशी नजर एका माणसाच्या हुशारीने येत नाही. स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा एकत्र काढून उरलेले तीन ठिकाणी पुन्हा जोडायचे, या शस्त्रक्रियेला ॲलन व्हिपल यांचे नाव आहे. त्यांनी १९३५ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या वृद्ध रोग्यांच्या नोंदींवरून २००२ साली असे दिसले की, स्वादुपिंड कापण्याच्या शस्त्रक्रिया अगदी क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत १६.३ टक्के रोगी दगावले आणि सर्वाधिक करणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के. याचे श्रेय शस्त्रवैद्याच्या बोटांना द्यावे असे कोणालाही वाटेल. पण मोठ्या शस्त्रक्रियांबद्दलच्या २००९च्या अभ्यासाने वेगळेच दाखवले. मृत्यू कमी असलेल्या आणि जास्त असलेल्या रुग्णालयांत गुंतागुंती जवळजवळ सारख्याच प्रमाणात होत होत्या. फरक होता तो गुंतागुंत झालेल्या रोग्याला वाचवण्यात. म्हणजे टाका सुटतो तो दोन्हीकडे. एका ठिकाणी रात्री तीन वाजता सिस्टरच्या लक्षात येते की ड्रेनच्या नळीतल्या पाण्याचा रंग बदलला आहे, ती ज्याला फोन करते तो उचलतो, आणि सीटीच्या खोलीत कोणीतरी जागे असते.

दर बुधवारी दुपारी तिथे एका अंधाऱ्या खोलीत बैठक भरे. दादाचे कागद द्यायला गेलो असताना अर्धवट उघड्या दारातून मी ती मिनिटभर पाहिली. पडद्यावर कोणाच्या तरी पोटाचे राखाडी काप वरखाली सरकत होते. शस्त्रवैद्य, पोटविकारतज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ बसले होते आणि सर्वांत जास्त बोलत होती ती रेडिऑलॉजिस्ट, जिचे नाव रोग्याला कधी कळत नाही. शस्त्रवैद्य म्हणाले, “काढता येईल.” ती म्हणाली, “गाठीने शीर धरलीय, पुन्हा बघा.” त्यांनी खुर्ची पुढे ओढून पुन्हा पाहिले. मग दार लागले.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दादाला थंडी वाजून ताप भरला. सीटीमध्ये स्वादुपिंडाचा तिसरा भाग मेलेला आणि त्याभोवती पाणी साचलेले दिसत होते, आणि त्या साठ्यात आता हवेचे बुडबुडे होते. जंतू आले होते. प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू झाले आणि आम्हाला वाटले की आता तरी पोट उघडतील. वहिनी शांतपणे म्हणाली, “डॉक्टर, घाण आत ठेवून माणूस बरा कसा होईल? काढून टाका.” डॉक्टरांनी कागदावर एक वेडावाकडा ढगासारखा आकार काढला. “ही आत्ताची स्थिती. याला कड नाही. अजून दहा-बारा दिवस काढले तर शरीर याच्याभोवती भिंत बांधतं. भिंत धरली की आम्ही पोट न उघडता जठरातून छिद्र पाडून हे रिकामं करू. आत्ता छिद्र पाडलं तर सगळं पोटभर पसरेल.” आणि मग वहिनीकडे पाहून म्हणाल्या, “गळू पिकल्याशिवाय फोडू नये, असं तुमच्याकडेही म्हणत असतील ना?” वहिनी म्हणाली, “म्हणतात. पण गळू दिसतं.”

हे उत्तर डॉक्टरांना आवडले असावे, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला संगणकापुढे बसवून सीटीतले काप एकेक करून दाखवले. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी हा प्रश्न चिकाटीने लावून धरला आहे. त्यांच्या २०१०च्या चाचणीत पोट उघडण्याऐवजी आधी फक्त नळी घातलेल्या रोग्यांपैकी ३५ टक्क्यांना पुढे कोणत्याही शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. २०२१च्या चाचणीत नळीसुद्धा लांबणीवर टाकलेल्या गटातले ३९ टक्के केवळ प्रतिजैविकांवर निभावले. हे आकडे ऐकताना ते सोपे वाटतात. ज्याच्या भावाला रोज संध्याकाळी पाच वाजता ताप चढतो, त्याला दहा दिवसांतला प्रत्येक दिवस वेगळा मोजावा लागतो. थांबणे म्हणजे काहीच न करणे नव्हे, हेही तेव्हाच दिसले. दिवसातून चार वेळा कोणीतरी येऊन पोटाला हात लावून जाई आणि दर वेळी त्यांना नव्याने ठरवावे लागे की आजही नाही.

तेहतिसाव्या दिवशी भिंत धरली. टोकाला सोनोग्राफीचे यंत्र असलेली दुर्बीण जठरात नेऊन, जठराच्या मागच्या भिंतीला चिकटलेला तो साठा पडद्यावर पाहून, मधल्या दोन भिंतींना एकच छिद्र पाडण्यात आले आणि त्यात बोटाच्या पेराएवढी धातूची रुंद नळी बसवली गेली. पाऊण तास लागला. पोटावर ओरखडाही नव्हता. त्या रात्री ताप आला नाही. पुढच्या आठवड्यात दोनदा त्याच नळीतून दुर्बीण आत शिरली आणि मेलेले तुकडे ओढून जठरात टाकले गेले, म्हणजे ज्या पोटाने स्वतःला खाल्ले होते त्यालाच ते शेवटी पचवायला दिले गेले. ही गंमत दादाचीच. तो तेवढे बोलण्याइतका बरा झाला होता. नळी काढायची तारीख लाल शाईने फायलीवर लिहून दिली होती, कारण ती विसरून आत राहिली तर शिरेला घासून रक्तस्राव करते. आम्ही निघालो त्या दिवशी गुरुजींच्या मुलीच्या तपासण्या चालू होत्या आणि वहीतली सही अगदी ठसठशीत होती.

दादाचे वजन १४ किलोने घटले होते. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीही मेलेल्या भागासोबत गेल्याने तो आता मधुमेही आहे आणि प्रत्येक जेवणासोबत त्याला विकरांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. त्या जेवणाआधी घेऊन चालत नाहीत आणि जेवण झाल्यावरही फारशा उपयोगाच्या नाहीत. घासांच्या मध्येच गिळायच्या असतात, अन्नासोबत रस उतरावा म्हणून. शरीर हे काम न सांगता किती बेमालूम करत होते, हे तो ताटावर कॅप्सूल मोजताना मला रोज दिसते.

पित्ताशय अडीच महिन्यांनी काढले, सूज पुरती विरल्यावर. शस्त्रक्रियेनंतर आमच्या हाती झाकणाची एक छोटी पारदर्शक बाटली देण्यात आली. तिच्यात अकरा खडे होते, काही पिवळसर, काही काळपट, सर्वांत मोठा करंगळीच्या नखाएवढा. दादाने बाटली उजेडात धरून फिरवली आणि विचारले की, यांतला तो कोणता. कोणताच नाही, असे निवासी डॉक्टर म्हणाला. तो पहिल्याच रात्री निघून गेला होता.